लेबलवाल्या कन्सल्टंटचा अनुभव : साडेतीन स्टार, त्यातले अडीच एका मुलीचे

आधीच सांगते, ऑफिसचं नाव टाकत नाहीये, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. ऑफिस चकाल्याला आहे, घाटकोपरवरून मेट्रो पकडली की स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण बहुतेक वेळा बंदच. काम काय करतात तर खायचे पदार्थ बनवणाऱ्यांना आणि बाहेरून मागवणाऱ्यांना एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याचं, लायसन काढून देतात, लेबल तपासून देतात, लॅबचे रिपोर्ट आणून देतात. ओळखीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की अशा लोकांना पैसे द्यावेत की आपलं आपण करावं, प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं थोडक्यात. भांडुपला गाळा आहे, बेसन लाडू, मेतकूट, थालीपीठाची भाजणी आणि नाचणीची चकली. सुरुवात सासूबाईंनी घरातच केली, तेव्हा साधं रजिस्ट्रेशन होतं, वर्षाला १०० रुपये फी, २ ने सुरू होणारा चौदा आकडी नंबर, विषय संपला. २०२३ च्या दिवाळीत उलाढाल १२ लाखांच्या वर गेली आणि तेव्हाच्या नियमाने त्याच्या वर गेलात की स्टेट लायसन, नंबर १ ने सुरू होणारा. त्याच सुमारास दादरच्या एका दुकानदाराने माल ठेवायला हो म्हटलं. पाऊच हातात घेतला, पुढून बघितलाच नाही, थेट उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "वहिनी, माल एक नंबर असेल हो, पण हे लेबल मी दुकानात लावलं तर नोटीस मला पण येईल. नीट करून आणा." आणि आमचे तीन हजार पाऊच छापून गाळ्यात पडले होते. डिझाइन भाच्याने फुकटात केलेलं, आता कळतंय की ते सगळ्यात महागात पडलं.

तर गेले चकाल्याला. पहिली मीटिंग साहेबांबरोबर. एसी, काचेचं टेबल, आणि पहिली वीस मिनिटं नुसती भीती. लेबल चुकलं म्हणजे मिसब्रँडेड, तीन लाखांपर्यंत दंड, खोटा दावा केलात तर दहा लाखांपर्यंत. आकडे खरे आहेत, अन्न सुरक्षेचा कायदा २००६ चा, कलम ५२ आणि ५३, घरी येऊन वाचले. फक्त त्यातला 'पर्यंत' साहेब इतका हळू म्हणतात की समोरच्याला ऐकूच येऊ नये. मग पॅकेज: चार लेबलं, लायसन, लॅबशी बोलणी वगैरे मिळून २८,०००, लॅबची फी वेगळी. घासाघीस करून २५ वर आणलं, अर्धे आगाऊ.

इथपर्यंत मी मनातून एक स्टार दिला होता, तोही एसीसाठी.

मग साहेबांनी एका मुलीकडे सोपवलं. फूड टेक्नॉलॉजी केलेली, पंचवीस-सव्वीसची असेल, साताऱ्याकडची. तिने पाऊचला हातच लावला नाही. म्हणाली, "ताई, उद्या येताना तुम्ही जो कच्चा माल वापरता ना, त्याची रिकामी पाकिटं घेऊन या. सगळी. हिंगाची डबी पण." मला वाटलं काय येडेपणा आहे, लेबल माझं तपासायचंय का बेसनवाल्याचं? पण नेली, पिशवी भरून नेली, ट्रेनमध्ये लोक बघत होते ही बाई कचरा कुठे घेऊन चाललीये.

आणि तिथेच सगळं बाहेर आलं. आमच्या चकलीच्या पाऊचवर पुढे मोठ्ठं 'ग्लुटेन फ्री' होतं (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन), कारण नाचणी आणि तांदूळ, गहू नाहीच ना त्यात. तिने हिंगाची डबी उचलली, फिरवली आणि माझ्यासमोर ठेवली. बांधानी हिंग, घटकांमध्ये डिंक आणि गव्हाचं पीठ. चाळीस वर्षं आमच्या घरात तोच हिंग येतोय, डबीची मागची बाजू आयुष्यात वाचली नव्हती. ग्लुटेन फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असलं पाहिजे आणि ते लॅबमध्ये सिद्ध करायचं, नुसतं 'आमच्यात गहू नाही' म्हणून चालत नाही. ज्यांना सीलिअॅक आहे, म्हणजे गव्हाने आतडंच बिघडतं, अशी माणसं तो शब्द वाचून डोळे झाकून विकत घेतात. दोन वर्षं आम्ही तो शब्द छापून विकत होतो, एक्झिबिशनमध्ये तर मी स्वतः ओरडून सांगायचे. त्या दिवशी मेट्रोत बसल्यावर पोटात कसंतरी होत होतं, दंडाचं नाही, त्या एक्झिबिशनमध्ये एक आई मुलाला घेऊन आली होती, तिने तीन पाकिटं घेतली होती, ते आठवलं.

आता आम्ही तांदळाचं पीठ असलेला हिंग आणतो, पण ग्लुटेन फ्री तरी छापलेलं नाही, कारण त्याच गाळ्यात थालीपीठाची भाजणी दळली जाते आणि त्यात गहू आहे. उलट 'यात गव्हाचा अंश असू शकतो' असं टाकलंय. खप थोडा कमी झाला. होऊ दे.

मग तिने एकेक काढायला सुरुवात केली. लेबल फक्त मराठीत होतं, आम्हाला तर त्याचा अभिमान, मुंबईत मराठीत छापतो म्हणून. नियम काय आहे तर सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत पाहिजे, मराठी वरून कितीही घाला, पण नुसती मराठी चालत नाही. हे मला आजही पटलेलं नाही, भांडुपला बनवून दादरला विकायचं आणि सासूबाईंनीच केलेलं मेतकूट हिंदीत का सांगायचं, पण कायदा आहे, आता दोन्ही छापतो, मराठी वर आणि मोठी.

हिरवा ठिपका भाच्याने नाजूक दिसावा म्हणून दोन मिलिमीटरचा ठेवलेला. आमच्या पाऊचची पुढची बाजू १२ बाय १८ सेंटीमीटर, म्हणजे २१६ चौरस सेंटीमीटर, आणि १०० ते ५०० मध्ये ठिपक्याचा व्यास कमीत कमी ४ मिलिमीटर, बाहेरचा चौकोन त्याच्या दुप्पट. तिने पट्टीच काढली ड्रॉवरमधून. आणि हा ठिपका पुढच्याच बाजूला, नावाच्या जवळ पाहिजे. (नॉनव्हेजचा आता ठिपका नसतो बरं का, तपकिरी त्रिकोण असतो, ज्यांचं सुकटीच्या चटणीचं वगैरे काम आहे त्यांनी बघून घ्या.)

चकलीवर 'खाद्यतेल' एवढंच होतं, तर कुठलं तेल ते नावानिशी लिहायचं. 'बेस्ट बिफोर सहा महिने' एवढंच होतं, तर २०२० च्या नव्या लेबल नियमांपासून एक्स्पायरी किंवा यूज बाय सक्तीचं, बेस्ट बिफोर हवं तर जोडीला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, आमचे होते सासूबाईंना आठवले तसे.

खरी मारामारी झाली दोन शब्दांवरून. एक 'साजूक तुपातले'. आमच्या लाडवाच्या पाऊचवर हेच मोठं, बाजूला तुपाच्या वाटीचं चित्र. ती म्हणाली एखाद्या घटकाचा असा डंका पिटला, शब्दाने किंवा चित्राने, की तो टक्केवारीत किती आहे ते सांगावं लागतं. म्हणजे तूप २४ टक्के असेल तर २४ छापा. हे घरी सांगितल्यावर सासूबाई उठूनच बसल्या. "अगं, मग माझं प्रमाणच सांगितल्यासारखं झालं की! उद्या समोरची वाडी तेच करेल." मी म्हटलं आई, तूप किती ते कळलं तरी बेसन किती भाजायचं ते थोडंच कळतंय. त्यावर जरा शांत झाल्या. शेवटी छापलं २४ टक्के, आणि गंमत म्हणजे दादरचा तो दुकानदार आता गिऱ्हाइकाला तोच आकडा दाखवून विकतो.

दुसरा शब्द 'घरगुती'. ब्रँडखालीच लिहिलेलं, घरगुती चवीचे असं नाही, सरळ 'घरगुती'. आता गाळ्यात तीन बायका कामाला, पंधरा किलोची कढई, आणि दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत त्यात होममेड, होम कुक्ड असले गैरसमज करून देणारे शब्द वापरायचे नाहीत असं आहे. सासूबाईंचं म्हणणं, "घरगुती नाही तर काय हाटेलातलं आहे?" आणि भावना म्हणून त्यांचं बरोबरच आहे हो, कृती त्यांची, पहिली कढई अजून त्याच ढवळतात. पण घर ते नाही. शब्द काढला. त्यांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

गुळाचे लाडू आम्ही नवीन काढणार होतो, भाच्याने डिझाइनमध्ये 'शुगर फ्री' टाकून पण ठेवलेलं. ती मुलगी हसायलाच लागली. शुगर फ्री म्हणजे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको, आणि गूळ म्हणजे साखरच की, कपडे बदललेली. 'नो अॅडेड शुगर' पण नाही चालत, गूळ आपण वरून घातलाच ना. अर्धी मुंबई गुळाच्या मिठाईवर शुगर फ्री लिहून विकते आणि डायबिटीसवाले काका लोक एकाऐवजी चार खातात.

तर हे सगळं दीड दिवसात, त्या मुलीने, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. ह्याला अडीच स्टार. तीन दिले असते, पण तिचं लक्ष मधेमधे साहेबांच्या केबिनकडे जायचं.

आता तक्रारी.

लायसनचं काम ह्यांनी पॅकेजमध्ये जवळपास साडेनऊ हजाराला लावलं होतं, सरकारी फी धरून. सरकारी फी किती? दिवसाला एक टनाच्या आत माल काढणाऱ्या उत्पादकाला तेव्हा वर्षाला ३,०००. बाकीचे साडेसहा हजार कसले तर फॉसकॉसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या वेबसाइटवर, फॉर्म भरायचे. जी कागदपत्रं लागली ती सगळी मीच गोळा केली, गाळ्याचं भाड्याचं अॅग्रीमेंट, नकाशा, मशीनची यादी हॉर्सपॉवरसकट, पाण्याचा लॅब रिपोर्ट. त्यांनी अपलोड केलं. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा ह्यांच्यातलं कोणी आलंच नाही, 'ट्रॅफिक आहे मॅडम'. अधिकाऱ्यांनी विचारलं भाजणीचं पीठ जमिनीवर का ठेवलंय, पॅलेट, म्हणजे पोती ठेवायची फळी, कुठे आहे, आणि मी नुसती बघत राहिले, कारण ही गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. २५ हजार घेणाऱ्याने हे आधी सांगायला नको? फॉर्म स्वतः भरा, खरंच सांगते, दोन संध्याकाळी जातात बस.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट न्यूट्रिशन टेबल. लॅबचे रिपोर्ट आले, ते लेबलच्या फॉरमॅटमध्ये बसवून देणार हे लोक. बेसन लाडवाचा ड्राफ्ट आला व्हॉट्सअॅपवर, १०० ग्रॅमला प्रोटीन ९, कार्बोहायड्रेट ५६, फॅट २५, आणि एनर्जी ४१२ किलोकॅलरी. आमचे हे बँकेत होते, आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही त्यांना. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमला ४ कॅलरी, फॅटच्या ग्रॅमला ९. म्हणजे ३६ अधिक २२४ अधिक २२५, झाले ४८५. हे ४१२ आले कुठून? फोन केला तर आधी 'सिस्टीमने काढलंय', मग 'बघतो', मग संध्याकाळी कळलं की दुसऱ्या कोणाच्या चिवड्याच्या फाइलवर आमचं नाव टाकून आकडे बदलताना एनर्जीची ओळ तशीच राहिली. त्या मुलीची सुट्टी होती त्या आठवड्यात, दुसऱ्याच कोणीतरी केलं. आम्ही बेरीज केली नसती तर पाच हजार पाऊचवर दुसऱ्याच्या चिवड्याची कॅलरी छापून आली असती. तुम्ही कोणाकडूनही करून घ्या पण ही बेरीज घरी करा, थोडंफार इकडेतिकडे राउंडिंगने होतं, सत्तर-पंचाहत्तरचा फरक नाही होत.

त्याच टेबलने मला दुसरा पण धक्का दिला, तो मात्र त्यांचा दोष नाही. एक लाडू ३० ग्रॅमचा, १४५ कॅलरी, दिवसाच्या २,००० पैकी ७ टक्के, ते ठीक आहे. पण वरून घातलेली साखर एका लाडवात साडेदहा ग्रॅम, आणि दिवसाची धरलेली मर्यादा ५० ग्रॅम, म्हणजे २१ टक्के. एका लाडवात! आमच्या ह्यांनी त्या दिवशी हातातला दुसरा लाडू डब्यात परत ठेवला, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच पाहिलं.

किमतीच्या बाजूचं, म्हणजे वैधमापनचं (वजन-मापांचं खातं), त्यांनी बरोबर केलं, ते कबूल. सर्व करांसहित एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, आणि ते युनिट सेल प्राइस, २५० ग्रॅम १८० रुपयांना तर ग्रॅमला ७२ पैसे, एक किलोच्या आतल्या पाकिटाला ग्रॅमचाच भाव लिहायचा. पॅकर म्हणून वेगळी नोंदणी लागते हे मला माहीतच नव्हतं, फी ५०० रुपये.

मग शेवटी एएमसी, म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट, गळ्यात मारायचा प्रयत्न. वर्षाला १२,०००, त्यात काय तर ३१ मेच्या आत वार्षिक रिटर्न भरणार, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये दंड वाचवणार, सहा महिन्यांनी लॅब टेस्टची आठवण करणार. आठवण करायचे बारा हजार! माझ्या मोबाइलमध्ये अलार्म फुकट आहे. नाही म्हटलं, तर नंतर दोन महिने माझ्या मेसेजला उत्तरं तुटक यायला लागली.

हां, एक मात्र न्यायाने सांगायला पाहिजे. ह्या ऑफिसचा मुळचा धंदा आयातवाल्यांचा आहे आणि तिथे हे लोक खरंच कामाचे आहेत. आमच्या ह्यांच्या मित्राचा मुलगा मस्जिद बंदरला असतो, ड्रायफ्रूटचं जुनं दुकान, त्याला युरोपातून बिस्किटं-चॉकलेटं आणायची हौस आली. त्याला वाटलं माल न्हावाशेवाला आला की वरून स्टिकर मारू, झालं. ऑफिसने ऑर्डर द्यायच्या आधीच त्याला थांबवलं. बाँडेड गोदामात, म्हणजे माल कस्टमच्या ताब्यात असतो तिथे, स्टिकर मारून दुरुस्त करता येतं, पण ठराविकच: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन नंबर, व्हेज-नॉनव्हेजची खूण असलं. उत्पादनाची तारीख मूळ पाकिटावर नसेल तर ती स्टिकरने येत नाही, आणि युरोपातल्या बऱ्याच पाकिटांवर ती नसतेच, तिकडे नुसती संपायची तारीख चालते. आणि तारीख नाही तर माल सुटताना ६० टक्के आयुष्य किंवा तीन महिने, जे कमी असेल तेवढं, शिल्लक आहे का हे मोजणार कशावरून? त्यांनी तिकडच्या कंपनीला लिहून मूळ छपाईतच तारीख टाकून घेतली. पोरगा म्हणाला, काकू, नाहीतर पूर्ण कंटेनर एकतर परत पाठवायचा नाहीतर नष्ट करायचा. आयातवाल्याला तसंही उलाढाल काहीही असो सेंट्रल लायसन लागतं, तेव्हा ७,५०० वर्षाचे होते, तर त्याला कन्सल्टंटचे पैसे जड नाही जात.

म्हणून आयात करणार असाल तर जा, चार स्टार. आमच्यासारखे लाडू-चकलीवाले असाल तर पूर्ण पॅकेज अजिबात घेऊ नका, फक्त लेबल तपासणी मागा, एका लेबलचे ते दोन-अडीच हजार सांगतील, द्या, आणि जाताना रिकामी पाकिटं घेऊन जा, ते मागोत न मागोत. लायसन स्वतः. रिटर्न स्वतः. आणि मेतकूट-भाजणीवाल्यांनो, तुमचा हिंग आत्ता उठून बघा.

जुने तीन हजार पाऊच? दीड हजार रद्दीवाल्याने पण घेतले नाहीत, प्लास्टिक आणि फॉइल चिकटलेलं असतं म्हणे. बाकीचे सासूबाई वापरतात, खजूर, बेदाणे, सुटी बडीशेप, सगळं त्यात. आमच्या स्वयंपाकघराच्या मांडणीवर आता ओळीने बारा पाऊच उभे आहेत, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात 'घरगुती', आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की इथे लिहायला कोणाचं लायसन लागत नाही.

परवा त्या मुलीचा मेसेज आला. नोकरी सोडली, ठाण्याला घरूनच लेबलं तपासते आता, ताई कोणाला लागलं तर सांगा. गुळाच्या लाडवाचं लेबल तिच्याकडेच टाकलंय.